सक्तीकडून हक्काकडे
बालकांच्या शिक्षणविषयक कायद्यांची वाटचाल

शाळा सुरू होऊन महिना लोटला होता. गोव्यातील एका गावच्या प्राथमिक शाळेत प्रस्तुत लेखक कामानिमित्त गेला असता, एक मजूर स्त्री आठनऊ वर्षांच्या मुलीचा हात धरून मुख्याध्यापिकांच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. घाटावरून बांधकामाच्या कामासाठी आलेले ते कुटुंब. जवळ जन्माचा दाखला नव्हता, आधीच्या शाळेचा दाखला नव्हता, आणि मुलीने पहिलीचे वर्षही अर्धेच केलेले. "बाई, पोरीचं नाव घालायचं होतं. दुसऱ्या एका शाळेत गेलो होतो, त्यांनी दाखला आणा म्हटलं," एवढेच ती म्हणाली. मुख्याध्यापिकांनी नोंदवही पुढे ओढली, मुलीचे नाव विचारले आणि ते लिहून घेतले. दोन मिनिटांत काम झाले.

ही दोन मिनिटे साध्य होण्यास आपल्या देशाला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली आहेत. मुलाला शिकविणे ही बापाची मर्जी आहे, गावाची पुण्याई आहे, सरकारची कृपा आहे, की मुलाचा हक्क आहे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या भाषेत कसे बदलत गेले, हे समजून घेणे ग्रामस्थ, शिक्षक आणि अधिकारी या तिघांनाही उपयोगाचे आहे. कारण कायदा झाला, तरी ज्याच्यासाठी तो झाला त्याला तो ठाऊक नसेल, तर तो कपाटातच राहतो. वरील प्रसंगातील पहिल्या शाळेत नेमके तेच घडले होते.

पहिली मागणी

इंग्रजी अमदानीत शिक्षणाचा प्रसार वरून खाली झिरपेल, अशी राज्यकर्त्यांची समजूत होती. वरच्या वर्गास उच्च शिक्षण द्यावे आणि त्यांनी ते खालच्यांपर्यंत पोहोचवावे, हे ते धोरण. प्रत्यक्षात झिरपले फार थोडे. १८८२ साली सरकारने शिक्षणाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी हंटर आयोग नेमला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी आयोगापुढे सविस्तर निवेदन सादर केले. शेतकऱ्याने भरलेल्या सारा-पट्टीतून सरकारचा खजिना भरतो, आणि त्या पैशाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणास होतो, हे त्यांनी स्पष्टपणे दाखवून दिले. ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. दादाभाई नवरोजी यांनीही याच आयोगापुढे चार वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह धरला.

आयोगाने प्राथमिक शिक्षणास अधिक लक्ष व पैसा द्यावा असे म्हटले; सक्तीची शिफारस केली नाही. तथापि, ज्या इंग्लंडने आपल्या देशात १८७० नंतर टप्प्याटप्प्याने सक्तीचे शिक्षण आणले, त्याच इंग्लंडच्या सत्तेखालील प्रजेस ते का मिळू नये, हा प्रश्न एकदा विचारला गेला तो पुन्हा मावळला नाही.

अमरेलीचा प्रयोग

या प्रश्नाचे पहिले कृतिशील उत्तर एका संस्थानाने दिले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकरी घरात जन्मलेला मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) ते हेच. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्यांचे नियमित शिक्षण झालेले नव्हते. अक्षरओळखीने माणसाचे काय होऊ शकते, याचा अनुभव त्यांनी स्वतःच घेतला होता.

१८९३ साली त्यांनी काठेवाडातील अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीचे आणि मोफत शिक्षण सुरू केले. येथील कार्यपद्धती लक्षात घेण्यासारखी आहे. महाराजांनी एका फर्मानाने सगळ्या राज्यावर सक्ती लादली नाही. आधी दहा गावे घेतली, अडचणी पाहिल्या, मग हळूहळू तालुक्यातील इतर गावे जोडली, आणि तेरा वर्षांच्या अनुभवानंतर १९०६ साली संपूर्ण राज्यासाठी कायदा केला. मुलग्यांसाठी बाराव्या व मुलींसाठी दहाव्या वर्षापर्यंत शाळा आवश्यक ठरली. मूल न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. मुलींचा समावेश त्या काळी धाडसाचाच होता.

महाराजांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती. शाळा सुटल्यावर वाचावयास काही मिळाले नाही, तर चार वर्षांत शिकलेले पुढील चार वर्षांत विसरले जाते. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले आणि मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकपेट्यांपर्यंत ग्रंथालयांचे जाळे उभारले. शाळा आणि वाचनालय ही एकाच गाडीची दोन चाके होत, हा बडोद्याचा धडा आजही जुना झालेला नाही. बडोद्यातील मराठी वस्तीला या इतिहासाचा अभिमान वाटतो, तो उगाच नव्हे.

गोखल्यांचे विधेयक

बडोद्याचे उदाहरण हाताशी घेऊन ब्रिटिश हिंदुस्थानात हा प्रश्न मांडला तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी. रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोखले स्वतः शिक्षक होते. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी वर्षानुवर्षे अध्यापन केले होते. मार्च १९१० मध्ये त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासंबंधी ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावरून तो मागे घेतला. आश्वासनातून काही निष्पन्न होत नाही असे पाहून १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच सादर केले.

त्या विधेयकातील तरतुदी वाचल्या म्हणजे गोखले किती जपून पावले टाकीत होते, हे ध्यानात येते. सक्ती एकदम सर्वत्र लागू व्हावयाची नव्हती. ज्या नगरपालिकेच्या वा जिल्हा बोर्डाच्या हद्दीत मुलग्यांचे ठरावीक प्रमाण आधीच शाळेत जात असेल, तेथेच, आणि तेही त्या संस्थेने स्वतः ठरविले व सरकारने मंजुरी दिली तरच. वय सहा ते दहा, म्हणजे अवघी चार वर्षे. प्रारंभी मुलग्यांपुरतीच सक्ती, मुलींना ती पुढे लागू करता यावी. दरमहा दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकाकडून फी घ्यावयाची नाही. खर्चापैकी एक हिस्सा स्थानिक संस्थेने आणि दोन हिस्से सरकारने सोसावयाचे. आपला हिस्सा उभारण्यासाठी स्थानिक संस्थेला शिक्षणपट्टी बसविण्याची मुभा.

इतके सौम्य विधेयकही सरकारला मानवले नाही. आक्षेप असे की, लोकांकडून सक्तीची मागणी नाही. प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत. शिक्षक नाहीत, इमारती नाहीत, पैसा नाही. आणि सक्तीच्या नावाखाली हलके अधिकारी गरिबांना छळतील. विरोध केवळ गोऱ्या अधिकाऱ्यांचा नव्हता. शेतमजुराचा मुलगा शाळेत गेला तर शेतावर कोण राबेल, ही धास्ती कित्येक जमीनदारांना होती. १९११ च्या जनगणनेनुसार देशात शंभरांत सहा माणसेही साक्षर नव्हती. अशा देशात 'लोकांची मागणी नाही' हा आक्षेप किती पोकळ होता, हे वेगळे सांगावयास नको. ज्याला अक्षरच ठाऊक नाही, त्याने अर्ज तरी कशाचा आणि कसा करावा?

मार्च १९१२ मध्ये विधेयक प्रवर समितीकडे पाठविण्याच्या प्रस्तावावर मतदान झाले. १३ मते बाजूने, ३८ विरुद्ध. विधेयक फेटाळले गेले. गोखल्यांना निकाल आधीच ठाऊक होता. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातूनच देशसेवा करणे आले आहे, यश पुढील पिढ्यांचे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या भाषणात काढले. तीनच वर्षांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, ते निवर्तले. पण ते विधेयक व्यर्थ गेले असे म्हणता येणार नाही. पुढे झालेल्या प्रत्येक प्रांतिक कायद्यात त्याचा सांगाडा ओळखू येतो.

नगरपालिकांचा कायदा आणि करवीरची आज्ञा

गोखल्यांचे अपुरे राहिलेले काम मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांनी हाती घेतले. त्यांनी मांडलेले विधेयक १९१८ साली संमत झाले आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला कायदा अस्तित्वात आला. मात्र तो जिल्हा नगरपालिकांपुरता, आणि तोही ऐच्छिक. नगरपालिकेने ठरविले तर सक्ती, नाही तर नाही. खेडी त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. पाठोपाठ १९१९ व १९२० या दोन वर्षांत पंजाब, संयुक्त प्रांत, बंगाल, बिहार-ओरिसा, मध्य प्रांत व मद्रास येथेही असे कायदे झाले. १९२१ साली शिक्षणखाते भारतीय मंत्र्यांच्या हाती आले. मुंबई इलाख्यात ते रँग्लर र. पु. परांजपे यांच्याकडे होते. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा लोकल बोर्डांनाही, म्हणजेच खेड्यांनाही, या व्यवस्थेत आणले. आजचा बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच असल्याने हे कायदे तेथेही लागू होते.

याच सुमारास कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळी मजुराला एक रुपया मिळविण्यास किती दिवस राबावे लागे, हे लक्षात घेतले म्हणजे महाराजांचा निर्धार समजतो.

कागदावरची सक्ती

एवढे कायदे होऊनही मुले शाळेत का आली नाहीत? आली, पण टिकली नाहीत. १९२९ साली हारटोग समितीने मांडलेला हिशेब बोलका आहे. १९२२-२३ मध्ये पहिल्या इयत्तेत असलेल्या दर शंभर मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत पोहोचली ती केवळ १८. उरलेली ८२ वाटेतच गळाली, अगर त्याच वर्गात बसून राहिली.

याची कारणे शोधावयास फार दूर जावयास नको. या सर्व कायद्यांत सक्ती होती ती पालकावर. शाळा काढण्याची, शिक्षक नेमण्याची, ती नीट चालविण्याची सक्ती सरकारवर नव्हती. ज्या गावात शाळा नाही, तेथे दंड कोणाला करावयाचा? आणि जेथे शाळा आहे, तेथे पेरणीच्या दिवसांत मुलाला शेतावर नेणाऱ्या गरीब बापाला दंड केल्याने मूल शाळेत येते, की घरातील भाकरी तेवढी कमी होते? स्थानिक अधिकाऱ्यांना हे दिसत होते, म्हणून दंडाची कलमे बहुधा वापरलीच गेली नाहीत. अशा रीतीने कायदा न मोडता आणि न पाळता दोन्ही बाजूंनी तसाच राहिला.

घटना समितीतील एक दुरुस्ती

१९३७ साली वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींच्या प्रेरणेने सात वर्षांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा विचार मांडला गेला. १९४४ च्या सार्जंट योजनेने सहा ते चौदा वयाच्या सर्व मुलांना शाळेत आणण्यासाठी चाळीस वर्षांची मुदत सुचविली. स्वातंत्र्यानंतर मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही मुदत सोळा वर्षांवर आणली. आणि घटनाकारांनी दहा वर्षे ठरविली.

या ठिकाणी घटना समितीत घडलेली एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे, कारण पुढील अर्धशतकाचा इतिहास तिच्यातून निघाला. घटनेच्या मसुद्यातील अनुच्छेद ३६ ची सुरुवात अशी होती की, प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्कदार आहे. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चा निघाली तेव्हा पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी हे हक्काचे शब्द गाळावेत अशी दुरुस्ती मांडली. हा भाग राज्याच्या धोरणासंबंधीच्या निदेशक तत्त्वांचा आहे. येथे हक्काची भाषा विसंगत दिसते, हे त्यांचे म्हणणे. तर्क बिनचूक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दुरुस्ती मान्य केली आणि 'हक्कदार' हा शब्द गेला.

दुसऱ्या एका दुरुस्तीस मात्र बाबासाहेबांनी ठाम नकार दिला. तरतूद प्राथमिक शिक्षणापुरतीच मर्यादित करावी, अशी ती सूचना होती. त्यांचे उत्तर असे की, चौदा वर्षांखालील बालकास कारखान्यात वा खाणीत कामाला लावू नये, असे आपण दुसऱ्या अनुच्छेदात म्हटलेच आहे. मग त्या वयापर्यंत त्याने कामावर जावयाचे नसेल, तर त्याची जागा शाळेतच असली पाहिजे. चौदा हा आकडा असा आला. बालमजुरीचा निषेध आणि शाळेची हमी ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे त्या दिवशी घटना समितीत सांगितले गेले.

अखेरीस अनुच्छेद ४५ सिद्ध झाला. राज्यघटना अंमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्य प्रयत्न करील, असे त्याने सांगितले. मुदत २६ जानेवारी १९६० रोजी संपत होती. १९५१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते, हे ध्यानात घेता उद्दिष्ट किती मोठे होते याची कल्पना येईल. मुदत आली आणि निघून गेली. निदेशक तत्त्वासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती, म्हणून कोणी जाब विचारावा असेही नव्हते.

राज्याराज्यांचे कायदे व गोव्याची वाट

१९६० च्या दिल्लीच्या कायद्याचा नमुना पुढे ठेवून १९६१ साली गुजरात, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि तत्कालीन म्हैसूर राज्याने आपापले प्राथमिक शिक्षण कायदे केले. महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा चालू राहिला. म्हणजे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव अशा निरनिराळ्या राज्यांत विखुरलेल्या मराठी कुटुंबांच्या मुलांना निरनिराळे कायदे लागू होते. पण सर्वांची धाटणी एकच, पालकावर सक्तीची आणि सरकारकडून प्रयत्नाची. याच काळात कोठारी आयोगाने (१९६४-६६) समान शाळांचा आग्रह धरला. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत गेला आणि सबंध देशासाठी एक कायदा करण्याचा मार्ग मोकळा झाला.

आपल्या गोव्याची वाट वेगळी होती. इंग्रजी मुलुखातील कायदे येथे लागू नव्हते. पोर्तुगीज अमदानीत सरकारी शाळा पोर्तुगीज भाषेच्या. मराठी शिक्षण चालले ते देवळाच्या अग्रशाळेत, कोणाच्या तरी ओसरीवर, गावकऱ्यांनी पदरमोड करून ठेवलेल्या मास्तरांच्या आधाराने. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदू समाजास शाळा काढण्याची अधिक मोकळीक मिळाली. त्याच सुमारास पणजीत मुष्टिफंड संस्था स्थापन झाली होती. घरोघरी काढून ठेवलेल्या मूठमूठ तांदळाची आठवण तिचे नावच देते. कायद्याने सक्ती करण्याआधी लोकांनी स्वतःवर घालून घेतलेली ही सक्ती होती.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात गावोगाव, वाड्यावाड्यांवर सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. येथे क्रम असा पडला की, आधी शाळा दारापर्यंत आली आणि मग कायदा. १९८४ मध्ये शालेय शिक्षण कायदा झाला आणि १९९५ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा गोव्याचा स्वतंत्र कायदा विधानसभेने संमत केला. अमरेलीचा अनुभवही हेच सांगतो. शाळा नसेल तर सक्तीला अर्थ नाही. शाळा जवळ असेल तर सक्तीची गरज फारच थोडी उरते.

न्यायालयाने उघडलेले दार

घटना समितीत गाळलेला 'हक्कदार' हा शब्द परत आला तो न्यायालयाच्या मार्गाने. कर्नाटकातील वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीशुल्कासंबंधी मोहिनी जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली शिक्षण हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. पुढील वर्षी, फेब्रुवारी १९९३ मध्ये, उन्नीकृष्णन प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने या विधानास मर्यादा घातली आणि त्याच वेळी त्याचा गाभा पक्का केला. चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा बालकाचा मूलभूत हक्क आहे; त्यापुढील शिक्षण राज्याच्या आर्थिक कुवतीवर अवलंबून राहील. घटनेने दहा वर्षांची मुदत दिली असता चार दशकांहून अधिक काळ लोटल्याची नोंदही न्यायालयाने घेतली.

त्यानंतर २००२ साली शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली. तिने तीन गोष्टी केल्या. अनुच्छेद २१-क नव्याने घालून सहा ते चौदा वयाच्या सर्व बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणास मूलभूत हक्काचे स्थान दिले. अनुच्छेद ४५ बदलून सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हे निदेशक तत्त्व केले. आणि आपल्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून नोंदविले. येथे एक उणीवही राहिली. न्यायालयाने हक्क मान्य केला होता तो चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाचा. दुरुस्तीने सहा वर्षांखालील बालके त्यातून वगळली. अंगणवाडीच्या वयातील मुलांचा प्रश्न त्यामुळे मागे पडला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते अठरा वयाचे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु धोरण आणि हक्क यांत अंतर असते, हे अनुच्छेद ४५ च्या इतिहासाने आपणांस शिकविले आहे.

२००९ चा अधिनियम : सक्ती कोणावर?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम ऑगस्ट २००९ मध्ये संसदेने संमत केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची ओळ 'सक्तीचे शिक्षण' या शब्दांच्या व्याख्येत आहे. सक्ती याचा अर्थ शिक्षण पुरविण्याचे, आणि प्रवेश, उपस्थिती व शिक्षण पूर्ण होणे यांची निश्चिती करण्याचे शासनावरील बंधन, असा तेथे दिला आहे. पालकाचे कर्तव्य कायद्याने सांगितले आहे, पण त्याच्यावर दंड ठेवलेला नाही. करवीरच्या एका रुपयापासून येथपर्यंतचा हा प्रवास आहे. सक्तीचे टोक बापाकडून सरकारकडे वळले.

उर्वरित तरतुदी याच सूत्रातून निघतात. त्यांतील गावपातळीवर उपयोगी पडणाऱ्या अशा :

(१) वयाचा दाखला नाही या कारणावरून कोणत्याही बालकास प्रवेश नाकारता येत नाही.

(२) वर्ष सुरू झाल्यानंतर आलेल्या बालकासही प्रवेश द्यावयाचा असतो. आधीच्या शाळेचा दाखला मिळण्यास उशीर झाला, हे प्रवेश रोखण्याचे कारण होऊ शकत नाही.

(३) कधीच शाळेत न गेलेल्या वा मध्येच शाळा सुटलेल्या बालकास वयाला अनुरूप वर्गात बसवावयाचे, आणि बरोबरीने येण्यासाठी त्यास विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. असे बालक चौदा वर्षांचे झाले तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याचा हक्क राहतो.

(४) प्रवेशासाठी देणगी घेणे, बालकाची वा पालकाची परीक्षा अथवा मुलाखत घेणे यास मनाई आहे.

(५) शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे.

(६) पहिली ते पाचवीसाठी साठपर्यंत पट असल्यास निदान दोन शिक्षक असावेत. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांवर शिक्षकांना पाठवू नये.

(७) सरकारी व अनुदानित शाळांतील व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत, आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात.

(८) विनाअनुदानित खासगी शाळांनी पहिलीच्या प्रवेशात निदान एकचतुर्थांश जागा दुर्बल व वंचित घटकांतील बालकांना द्याव्यात. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वैध ठरविली. २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना या अधिनियमातून वगळण्यात आले.

मूळ अधिनियमात आठवीपर्यंत कोणासही नापास करावयाचे नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्णांसाठी दोन महिन्यांत पुनर्परीक्षा आणली. त्यानंतरही त्या वर्गात ठेवावे की नाही, हे सरकारने ठरवावयाचे आहे. मात्र कोणत्याही परिस्थितीत प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकाचे नाव शाळेतून कमी करता येत नाही.

उरलेले काम

कायदा पुरेसा झाला असे मानून स्वस्थ बसता येणार नाही. ऊसतोडीच्या टोळीबरोबर हंगामभर फिरणारे मूल, बांधकामाच्या पत्र्याच्या खोलीत धाकट्या भावाला सांभाळणारी मुलगी, हॉटेलच्या मोरीशी वाकलेला पोरगा, ही बालके कोणत्याही एका गावच्या पटावर नसतात. म्हणून ती कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील बालकास कामावर ठेवण्यास मनाई झाली. मात्र शाळेच्या वेळेनंतर घरच्या उद्योगात मदत करण्याची सवलत ठेवली आहे. ही सवलत कोठे संपते आणि शाळा कोठे सुटते, यावर गावानेच लक्ष ठेवले पाहिजे.

ग्रामस्थांनी आपल्या वाड्यावर नव्याने आलेल्या कुटुंबाच्या मुलांची खबर शाळेस द्यावी. व्यवस्थापन समितीवरील पालकांनी सभेस जाऊन केवळ सही करून परतू नये; समितीचा आराखडा हे त्यांच्या हाती दिलेले साधन आहे. कोणास प्रवेश नाकारला गेला असेल, तर स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे, आणि त्याने समाधान न झाल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. शिक्षक व अधिकारी बंधुभगिनींस एवढीच विनंती की, दाखल्याचा कागद समोर नसेल तेव्हा आधी नाव लिहावे, कागद मागाहून मिळवावा. कायद्याचा क्रमही तोच आहे.

फुल्यांनी मागितले, सयाजीरावांनी करून दाखविले, गोखल्यांनी हरूनही पुढे चालविले, घटनाकारांनी वचन दिले आणि न्यायालयाने त्याची आठवण करून दिली. एवढ्यांच्या श्रमाचे फळ अखेरीस गावच्या शाळेतील एका नोंदवहीत उतरावयाचे असते. प्रारंभी सांगितलेली मुलगी त्या दिवशी वर्गात गेली, तेव्हा बसावयास जागा करून देण्यासाठी दोन मुली आपणहून सरकल्या. तिची आई दारात क्षणभर थांबली आणि कामावर निघून गेली.